कृष्णविवराच्या तोंडी घास कोण घालतं?

भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि घटकाभर धरून चाला की हीच आपली आकाशगंगा. पूर्व-पश्चिम साधारण ८०० किलोमीटर. खऱ्या आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, म्हणजे आपल्या नकाशावर एक प्रकाशवर्ष ८ मीटरचं झालं. परभणी मधोमध धरली तर सूर्य तिथून २०० किलोमीटरच्या जरा पुढे, अहिल्यानगरच्या आसपास येतो. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा त्याच्यापासून ३४ मीटरवर. आणि परभणीत, बरोबर केंद्रात, आकाशगंगेचं महाकाय कृष्णविवर, ज्याच्या ओढीतून उजेडही सुटत नाही. वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट. नकाशावर त्याची रुंदी किती भरते? डोक्याच्या केसाच्या जाडीचा जेमतेम तिसरा हिस्सा.

त्याचा अंमल चालतो आजूबाजूच्या ऐंशी-शंभर मीटरपर्यंत. एखाद्या देवळाचं आवार म्हणा. त्या आवारात कोण कसं फिरेल हे कृष्णविवर ठरवतं. आवाराबाहेर बाकीच्या ताऱ्यांची एकत्रित ओढ इतकी मोठी असते की त्याच्या एकट्याचं काही चालत नाही. अहिल्यानगरला तर त्याचं असणं-नसणं जाणवतही नाही. उद्या ते तिथून उचललं तरी सूर्य आज फिरतो तसाच फिरत राहील.

आणि तरीही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खगोलशास्त्रज्ञांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या पसाऱ्याचा, मधला ताऱ्यांचा फुगवटा जितका भारदस्त, तितकं तिच्या पोटातलं कृष्णविवर जड. केसाहून बारीक कणाला जिल्हाभराच्या पसाऱ्याची खबर कशी लागते? मला या विषयाची ओढ लागली ती याच प्रश्नामुळे, आणि हा लेखही त्याच्याच मागे जाणार आहे.

परभणीत खरंच काही आहे हे कळलं ताऱ्यांच्या फिरण्यावरून. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या दोन वेगवेगळ्या चमूंनी १९९० च्या दशकापासून आकाशगंगेच्या केंद्राजवळचे तारे वर्षानुवर्षं टिपले. त्यातला एस२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. आपल्या नकाशावर त्याची कक्षा जेवणाच्या ताटाएवढी आहे. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या सगळ्यात जवळ आला, नकाशावर दीड सेंटिमीटर अंतरावर, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता. म्हणजे एका सेकंदात मुंबई-नागपूर नऊ वेळा. एवढ्या वेगाच्या ताऱ्याला धरून ठेवायचं तर मधे काय वजन हवं, हे गणित कॉलेजातला विद्यार्थीही मांडू शकतो. उत्तर ४३ लाख सूर्य, आणि तिथे चकाकणारा ताऱ्यांचा पुंजका तर दिसत नाही. या कामाला २०२० चं नोबेल मिळालं, आणि मे २०२२ मध्ये त्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्रही प्रसिद्ध झालं. मे महिन्यात उत्तररात्री गावाकडच्या अंधारात दक्षिणेला वृश्चिकाची नांगी आणि धनू रास यांच्यामध्ये आकाशगंगेचा पट्टा सगळ्यात दाट दिसतो. ते तिथे आहे.

फुगडीचं गणित

कृष्णविवर म्हटलं की बहुतेकांच्या मनात सगळं शोषून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर उभा राहतो. हे चित्र मला मनापासून खटकतं, कारण त्याच्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो. सूर्याच्या जागी सूर्याच्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आत ओढली जाणार नाही. अंधार होईल, गारठा पडेल, पण पृथ्वीची फेरी ३६५ दिवसांचीच राहील. कृष्णविवरात पडणं सोपं नाही. ते फार फार अवघड आहे, आणि महाकाय कृष्णविवर कसं वाढतं हे समजून घ्यायचं तर ही अडचणच आधी समजून घ्यावी लागते.

नागपंचमीला किंवा मंगळागौरीला फुगडी बघितली असेल. दोघी हात ताणून, अंग मागे टाकून फिरतात तेव्हा गती बेताची असते. त्याच दोघी जवळ आल्या की एकदम गरगरायला लागतं. जोर वाढवलेला नसतो, फक्त अंतर कमी झालेलं असतं. फिरणाऱ्या वस्तूजवळ गतीची एक पुंजी असते. शास्त्रात तिला कोनीय संवेग म्हणतात, आपण फिरकी म्हणू. ही फिरकी आपोआप संपत नाही. केंद्राजवळ जावं तसं फिरणं वाढतं, आणि वाढलेलं फिरणंच बाहेर ढकलतं.

दीर्घिकेतला वायूचा ढग केंद्राभोवती सेकंदाला २०० किलोमीटर अशा वेगानं फिरत असतो. दहा हजार प्रकाशवर्षांवरच्या ढगाला कृष्णविवराच्या अगदी कडेपर्यंत पोचायचं असेल, तर स्वतःच्या फिरकीचा दहा लाखांतला एक हिस्साही जवळ ठेवून चालत नाही. जवळजवळ सगळी पुंजी वाटेत दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात टाकावी लागते. ती घेणारं कुणी भेटलं नाही, तर ढग अब्जावधी वर्षं आहे तिथेच फिरत बसेल. म्हणून कृष्णविवराच्या वाढीचा प्रश्न हा भुकेचा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की ढगाची फिरकी उतरवून त्याला आत पोचवतं कोण?

ताऱ्यांकडून फारशी अपेक्षा नाही. तारे एकमेकांना घासत नाहीत, दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी तारे सहसा आपटत नाहीत, आणि घर्षण नाही तर फिरकी उतरणार कशी? एका दीर्घिकेत दहा हजार ते एक लाख वर्षांतून एखाद्या वेळी एखादा तारा वाट वाकडी होऊन फार जवळ जातो, भरतीच्या ओढीनं उभा फाटतो, आणि त्यातला निम्मा ऐवज बाहेर फेकला जातो. एवढ्या फुटकळ घासांवर अब्ज सूर्यांचं कृष्णविवर पोसलं जात नाही. खरा आहार वायूचा.

वायू आत येतो तो टप्प्याटप्प्यानं, आणि दर टप्प्यावर त्याला ढकलणारा वेगळा असतो. सुरुवातीचा लांबचा पल्ला दीर्घिका स्वतः पार पाडते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट दांडा आहे. तो फिरताना त्याची असमान ओढ वायूला मागे खेचते, वायू फिरकी गमावतो आणि घसरत घसरत केंद्रापासून काहीशे प्रकाशवर्षांवर येऊन साचतो. नकाशावर हे अंतर तीन-चार किलोमीटर, म्हणजे वायू परभणीच्या वेशीपर्यंत आला. याहून दांडगा उपाय म्हणजे दोन दीर्घिकांची टक्कर. तीत दोन्ही तबकड्यांची घडी विस्कटते, समोरासमोर आलेले वायूचे प्रवाह एकमेकांची फिरकी मारून टाकतात, आणि प्रचंड वायू केंद्रात कोसळतो. सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ६२४० या दीर्घिकेत हे चालू असताना सापडलं. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला तिथे एक नव्हे, दोन कृष्णविवरं एकाच वेळी जेवताना दिसली.

वेशीवर आलेला वायू सगळाच्या सगळा आत जातो असंही नाही. तिथे दाटी झाली की त्याचे तारेच बनायला लागतात, आणि तारा झालेला वायू कृष्णविवराच्या हातचा गेला. उरलेला आणखी आत सरकतो. आपल्या आकाशगंगेत केंद्रापासून पाचेक प्रकाशवर्षांवर वायूचं एक कडं आहे. आवाराच्या आत, चाळीसेक मीटरवर. तिथवर येऊनही तो सध्या फिरतच राहिला आहे.

शेवटचा टप्पा सगळ्यात नाजूक. इथे वायूची पातळ, तापलेली चकती होते आणि तिच्यात फिरकीची देवघेव चालते ती चुंबकीय क्षेत्रामुळे. शेजारशेजारच्या दोन थेंबांना रबरानं बांधल्याची कल्पना करा. आतला थेंब वेगानं पुढे जातो, बाहेरचा मागे राहतो, रबर ताणलं जातं. ताणलेलं रबर आतल्याला मागे खेचतं आणि बाहेरच्याला पुढे. आतल्याची फिरकी बाहेरच्याला मिळते, आतला आणखी आत पडतो, रबर आणखी ताणतं. चुंबकीय बलरेषा नेमकं हेच रबराचं काम करतात. चकतीच्या बाबतीत हे १९९१ साली स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी दाखवलं. त्यांच्या तीस वर्षं आधी, १९६० साली, हीच अस्थिरता एका वेगळ्याच संदर्भात गणितानं मांडून ठेवणाऱ्यांमध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. १९३० साली मुंबईहून बोटीनं इंग्लंडला जाताना ताऱ्यांच्या अंताचं गणित करणारा तोच तरुण. कृष्णविवरांच्या गोष्टीत त्यांचं नाव दोन वेगवेगळ्या दारांनी येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घास जाताना होणारा उजेड

चकतीत घासला जाणारा वायू लाखो अंशांपर्यंत तापतो आणि गिळला जाण्याआधी ढळढळीत उजळतो. किती? सूर्याच्या पोटात एक किलो हायड्रोजनचं हेलियम झालं की ७ ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते. कृष्णविवरात पडणाऱ्या एक किलो वायूतून साधारण १०० ग्रॅमची ऊर्जा बाहेर येते, आणि कृष्णविवर भराभर स्वतःभोवती फिरत असेल तर याहूनही जास्त. वर्षाकाठी एका सूर्याएवढा वायू आत गेला तर निघणारा उजेड एक लाख कोटी सूर्यांच्या वर भरतो. सबंध आकाशगंगेतले सगळे तारे मिळून एवढे उजळत नाहीत.

अशा वस्तू आधी दिसल्या, त्यांचा अर्थ मागून लागला. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या, ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट तपासला. त्यातल्या रेषा ओळखीच्या वाटेनात. मग लक्षात आलं की त्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त १६ टक्क्यांनी तांबड्याकडे सरकलेल्या. म्हणजे तो ठिपका आकाशगंगेतला नव्हेच, तो २०० कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडे होता. यांना क्वेसार म्हणतात. त्यांचा उजेड महिन्या-दोन महिन्यांतही कमीजास्त होतो, आणि ज्या वस्तूच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचायला वर्षं लागतात ती महिन्यात एकदिलानं लुकलुकू शकत नाही. तेव्हा एवढा उजेड येतो तो तुलनेनं इवल्याशा जागेतून. डोनाल्ड लिंडन-बेल यांनी १९६९ साली पुढचं पाऊल टाकलं: क्वेसार आज जवळपास दिसत नाहीत, तर मग ते गेले कुठे? कुठेच नाही. विझून शेजारच्या साध्यासुध्या दीर्घिकांच्या पोटात बसले असणार.

या तर्काची चोख तपासणी १९८२ साली पोलंडच्या आंद्रेई सोल्तान यांनी सुचवली. मला ती हिशेबाच्या वहीसारखी वाटते. एका पानावर आजवरच्या सगळ्या क्वेसारांनी टाकलेल्या उजेडाची बेरीज करा, आणि त्यावरून किती वायू गिळला गेला ते काढा. दुसऱ्या पानावर आज आसपासच्या दीर्घिकांत बसलेल्या कृष्णविवरांची वजनं मांडा. दोन्ही पानं बऱ्यापैकी जुळतात. याचा अर्थ, महाकाय कृष्णविवरांचं आजचं बहुतेक वजन उजेड पाडत खाल्लेल्या वायूचंच आहे. आणि हे जेवण सगळ्यात जोरात चालू होतं सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी, दीर्घिकांमध्ये नवे तारेही सर्वात झपाट्यानं जन्मत होते त्याच काळात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००० साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की फुगवट्यातले तारे ज्या सरासरी वेगानं इकडेतिकडे धावतात, त्या वेगाशी मधल्या कृष्णविवराचं वजन फार घट्ट बांधलेलं आहे. ज्यांना कृष्णविवराची ओढ पोचतही नाही, असे हे तारे. फुगवटा आणि कृष्णविवर तराजूत घातले तर प्रमाण साधारण हजाराला एक ते पाच असं पडतं. नुसती मोठी तबकडी असून भागत नाही. देवयानीच्या शेजारची त्रिकोण दीर्घिका, एम३३, तबकडीच्या बाबतीत छान भरलेली आहे, पण तिला फुगवटा जवळजवळ नाहीच, आणि तिच्या केंद्रात खूप शोधूनही महाकाय कृष्णविवर सापडलेलं नाही. असलंच तर काही हजार सूर्यांहून मोठं नाही. हे एकच उदाहरण मला दहा आलेखांपेक्षा बोलकं वाटतं.

हे नातं जुळण्याचं एक कारण सरळ आहे. ज्या टकरींनी फुगवटे तयार होतात त्याच टकरी वायू आत लोटतात, आणि दीर्घिका एकमेकींत मिसळत गेल्या की कमीजास्त प्रमाणं सरासरीकडे येतात. काही अभ्यासकांच्या मते एवढंच पुरेसं आहे. मला ते अर्धं उत्तर वाटतं. कारण कृष्णविवर नुसतं खात नाही, ते उलटून दीर्घिकेला टोले देतं, आणि हे टोले आज दुर्बिणीतून दिसतात.

पंगत उठवणारा जेवणारा

प्रकाशालाही दाब असतो. चकतीचा उजेड वाढत गेला की एक वेळ अशी येते की आत येणाऱ्या वायूवरची गुरुत्वाची ओढ आणि उजेडाचा बाहेरचा रेटा समसमान होतात. ही एडिंग्टन मर्यादा. त्यापुढे जादा वायू आत शिरायच्या ऐवजी उडवला जातो. या मर्यादेवर सतत जेवत राहिलं तर कृष्णविवराचं वजन दुप्पट व्हायला सुमारे साडेतीन कोटी वर्षं लागतात. हा आकडा पुढे लागणार आहे.

पण खरा दणका याहून दूर बसतो. दहा कोटी सूर्यांचं कृष्णविवर वाढताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, ती फुगवट्यातला सगळा पसारा बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शंभर पटीहून जास्त भरते. त्यातली दोन-चार टक्के जरी वायूला लागली तरी वायू दीर्घिकेबाहेर उधळला जातो किंवा इतका तापतो की त्याचे तारे होत नाहीत. १९९८ साली जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी हाच मुद्दा मांडला होता: दीर्घिका लहान असेल तर तिचा वायू उधळून द्यायला लहान कृष्णविवर पुरतं, मोठी असेल तर मोठं लागतं. तेवढं वजन झालं की कृष्णविवर स्वतःच स्वतःचं अन्न पळवून लावतं. आवाराबाहेर त्याची ओढ पोचत नाही हे खरं, पण त्याचा उजेड, वारा आणि झोत, म्हणजे त्याच्याजवळून वेगानं सुटणारे सरळ फवारे, पोचतात. जिल्हाभराशी त्याचं बोलणं होतं ते असं.

कन्या राशीतल्या एम८७ दीर्घिकेतून निघालेली प्रकाशाची सरळ रेघ हेबर कर्टिस यांनी १९१८ सालीच नोंदवली होती. ती झोताची रेघ. २०१९ साली पहिलं चित्र आलं ते याच दीर्घिकेतल्या, साडेसहा अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराचं. आपल्या नकाशाच्या मापानं ते लिंबाएवढं होईल, आणि त्या लिंबातून निघालेला झोत चाळीस किलोमीटर लांब. ययाती तारकासमूहात २५ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे. त्याच्यातला तप्त वायू निवून ताऱ्यांचा पाऊस पडायला हवा होता, पण पडत नाही. चंद्रा दुर्बिणीला तिथे मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी फुगवलेले बुडबुडे आणि त्यांच्याभोवती पाण्यातल्या तरंगांसारखी वर्तुळं दिसली. ते तरंग म्हणजे ध्वनीच. २००३ साली त्यांचा स्वर काढला गेला: हार्मोनियमवरची काळी पाच, पण मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली. एका कंपनाला एक कोटी वर्षं लागतात. वायू निवतो, थोडा आत पडतो, कृष्णविवर जागं होतं, झोत सुटतो, वायू पुन्हा तापतो, अन्न थांबतं, झोत थांबतो. गीझरचा थर्मोस्टॅट जसा पाणी ठरावीक उष्णतेच्या आसपास राखतो, तसंच.

असे उद्रेक शोधण्यात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दुर्बिणीचा हात आहे, हे आपल्याकडे पुरेसं माहीत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जवळ जाऊन वर पाहिलं की आरपार आभाळ दिसतं, कारण पृष्ठभाग पत्र्याचा नाही, ताणलेल्या तारांच्या जाळीचा आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखी असते, आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. २०२० साली भुजंगधारी तारकासमूहातल्या, ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या गुच्छातला प्रचंड स्फोट जाहीर झाला, आधी माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या उद्रेकाच्या पाच पट ऊर्जेचा. क्ष-किरणांत दिसलेली वायूतली पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली आहे, हे ज्या दुर्बिणींमुळे कळलं त्यांत खोडदची होती. आणि २०२४ साली पॉर्फिरियन नावाची झोतांची जोडी सापडली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं. ती पहिल्यांदा दिसली युरोपातल्या रेडिओ दुर्बिणीला. ती नेमक्या कुठल्या दीर्घिकेतून निघाली हे शोधायला जीएमआरटीची निरीक्षणं लागली. आपल्या नकाशाच्या मापात ही लांबी १ लाख ८४ हजार किलोमीटर. परभणीहून निघून चंद्राच्या जवळपास अर्ध्या वाटेपर्यंत.

आपलं परभणीचं कृष्णविवर सध्या उपाशी आहे. जवळच्या मोठ्या ताऱ्यांचा वारा त्याच्या तावडीत येतो खरा, पण तो इतका तप्त आणि विरळ आहे की त्यातला शंभरावा हिस्साही आत जात नाही. नेहमीच असं नव्हतं. २०१० साली फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून आकाशगंगेच्या वर आणि खाली प्रत्येकी २५ हजार प्रकाशवर्षं उंच असे गॅमा किरणांचे दोन फुगे दिसले. काही दशलक्ष वर्षांपूर्वी केंद्रात मोठी पंगत झाली असावी, हे त्यांचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण मला वाटतं.

न जुळणारी वयं

आता तो साडेतीन कोटींचा आकडा. कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या ताऱ्यांपैकी एखादा मरून १०० सूर्यांचं कृष्णविवर झालं असं धरा. ते कधीही न थांबता मर्यादेवर जेवत राहिलं, तर २४ वेळा दुप्पट झाल्यावर सुमारे १६० कोटी सूर्यांचं होईल. २४ गुणिले साडेतीन कोटी म्हणजे ८४ कोटी वर्षं. आणि २०२१ साली जाहीर झालेला जे०३१३-१८०६ हा क्वेसार नेमका १६० कोटी सूर्यांचा आहे, पण विश्वाच्या जन्मानंतर केवळ ६७ कोटी वर्षांनी तो तसा आहे. पहिले तारे जन्मायला लागलेली वर्षं तर यात धरलेलीच नाहीत.

म्हणजे सुरुवातीचं बीजच मोठं असलं पाहिजे, नाहीतर मधूनमधून मर्यादा ओलांडून जेवण झालं असलं पाहिजे. मोठ्या बीजाची कल्पना अशी: सुरुवातीच्या विश्वात वायूचा एखादा अजस्र ढग तुकडे न होता, तारे न बनवता सलग कोसळला, तर थेट दहा हजार ते एक लाख सूर्यांचं कृष्णविवर तयार होऊ शकतं. मूळच्या भारतीय आणि येल विद्यापीठात काम करणाऱ्या प्रियंवदा नटराजन यांनी सहकाऱ्यांसोबत या कल्पनेवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि असं बीज पोटात असलेली दीर्घिका दिसली तर ती कशी दिसेल हेही आधीच सांगून ठेवलं. २०२३ साली जेम्स वेब आणि चंद्रा या दुर्बिणींनी मिळून यूएचझेड१ पकडली. विश्व ४७ कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, आणि तिच्यातलं कृष्णविवर तिच्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित वजनाच्या तोडीचं. आज हजाराला एक ते पाच असं जे प्रमाण दिसतं ते तिथे बरोबरीला आलेलं आहे. वेब दुर्बिणीला त्या काळात छोटे लाल ठिपकेही ढिगानं सापडले आहेत. त्यांतल्या अनेकांच्या पोटात वाढतं कृष्णविवर असावं असं दिसतं, आणि ते नक्की काय आहेत यावर सध्या जोरात वाद चालू आहे. निदान काही ठिकाणी तरी कृष्णविवर आधी मोठं झालं आणि दीर्घिका मागून आली, असं मानायला आता जागा आहे.

वाढीची आणखी एक वाट आहे, वायूशिवायची: दोन कृष्णविवरांनी एक होण्याची. दीर्घिका मिसळल्या की त्यांची कृष्णविवरं आजूबाजूच्या ताऱ्यांना गोफणीतल्या दगडासारखं भिरकावत, स्वतः फिरकी गमावत केंद्राकडे बुडत जातात आणि जोडीनं फिरू लागतात. शेवटी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, सोडत जवळ येतात. अशा जोड्यांच्या लहरी इतक्या संथ असतात की एका हेलकाव्याला वर्षं लागतात. त्या पकडायला घड्याळं लागतात पल्सार नावाच्या ताऱ्यांची, सेकंदाला शेकडो वेळा फिरणारी आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा ठोका देणारी. लहर मधून गेली की ठोका अब्जांश सेकंदाच्या हिशेबात थोडा लवकर किंवा उशिरा पडतो. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अशा लहरींच्या गुंजारवाचा पुरावा एकत्र जाहीर केला. युरोपच्या गटासोबत त्यात भारत-जपानचा गट होता आणि त्यानं पल्सारांचे ठोके मोजले होते खोडदच्या त्याच जाळीच्या तबकड्यांनी. कुठल्या दोन कृष्णविवरांची ही लहर, हे अजून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी आणखी वर्षं मोजावं लागेल, आणि मोजणी चालू आहे.